स्वस्तातला मॉनिटर घ्यायचाय, पण रंग खरे दिसले पाहिजेत: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

सेल लागला रे लागला की सगळ्यांचा एकच प्रश्न, कुठला मॉनिटर घेऊ? आणि खाली दोन लिंका. माझा उलटा प्रश्न असतो की तुमचं काम शेवटी कुठे दिसणारे, फ्लेक्सवर, अल्बममध्ये का लोकांच्या मोबाईलवर? ते सांगा, मग पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते आपोआप ठरतं.

सर, इचलकरंजीत माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. स्क्रीनवर पोपटी, जांभळा एकदम फ्रेश दिसतो आणि छापून आलं की मळकट, गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. २० हजारापर्यंत चांगला मॉनिटर घेतला तर प्रश्न मिटेल का?

अर्धा मिटेल, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. मॉनिटर लाल-हिरवा-निळा उजेड फेकतो, छपाईत सीएमवायकेच्या (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) चार शाया असतात. झगझगीत पोपटी, गडद निळा, जांभळा हे त्या शायांतून निघतच नाहीत, तुम्ही लाखाचा मॉनिटर आणा. त्यामुळे आधी प्रेसवाल्याकडून त्याच्या मशीनचं कलर प्रोफाईल, म्हणजे ते मशीन रंग कसे छापतं याची फाईल, मागून घ्या आणि ते लावून फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबून बघा, कोरलमध्येपण प्रूफ कलर्सची सोय आहे. पोपटी तिथेच मेलेला दिसेल. मग गिऱ्हाइकाला छापायच्या आधीच तो दाखवायचा, नंतर नाही.

दुसरी गोष्ट ब्राईटनेस. नवीन मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून फुल ब्राईट करून पाठवतात, २५०-३०० निट (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). छपाईच्या कामाला १०० ते १२० पुरे. उजेड मोजायचा मीटर नसेल तर पांढरं पान उघडा, ज्या कागदावर पत्रिका छापता त्याचा कोरा तुकडा ट्यूबलाईटखाली स्क्रीनच्या शेजारी धरा आणि दोन्ही पांढरे साधारण सारखे वाटेपर्यंत ब्राईटनेस उतरवत न्या. पहिले दोन दिवस स्क्रीन अंधारी वाटेल, वाटू दे.

एवढं करून मॉनिटर घ्यायचाच तर असूसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही बघा. २४.१ इंची, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा स्क्रीनचा प्रकार), एसआरजीबी (मॉनिटर आणि इंटरनेटवरचं रंगांचं नेहमीचं माप) १००%, आणि डेल्टा ई २ च्या आत, म्हणजे मागितलेला रंग आणि दिसलेला रंग यातला फरक डोळ्याला जवळपास कळत नाही इतका कमी. उंचीला १०८० ऐवजी १२०० पिक्सेल आहेत, टूलबार उघडे ठेवून काम करणाऱ्याला ते लगेच जाणवतं. किंमत रोज वरखाली होते, दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या.

मी नाशिकला वेडिंग फोटोग्राफी करतो, एडिटिंग लॅपटॉपवर. अल्बममध्ये चेहरे लालभडक येतात. एक दुकानदार ७२% एनटीएससी घ्या म्हणतो, दुसरा ९९% एसआरजीबी, तिसरा म्हणतो अॅडोबी आरजीबी पाहिजेच.

तुमचा लॅपटॉप बहुतेक ४५% एनटीएससीवाला (हे रंगांचं जुनं माप, खाली सांगतो) असणार, बजेट लॅपटॉपमध्ये सर्रास असतो. त्यात एसआरजीबीतले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दिसतात, लाल तर फारच फिका. मग तुम्हाला वाटतं नवरीचा चेहरा पडलाय, तुम्ही सॅच्युरेशन वाढवता, आणि लॅबचं मशीन बिचारं तुम्ही दिलेलं इमानदारीत छापतं.

पहिले दोघे दुकानदार जवळपास एकच माल विकतायत. एनटीएससी हे १९५३ च्या अमेरिकन रंगीत टीव्हीचं माप, एसआरजीबी हे १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने आणलेलं. पहिल्याचे ७२ टक्के म्हणजे क्षेत्रफळाने दुसरं जवळजवळ पूर्ण. फक्त क्षेत्रफळ तेवढं असलं म्हणजे रंग तेच असतील असं नाही, म्हणून बॉक्सवर एसआरजीबीचा आकडा स्पष्ट लिहिलेला घ्या. अॅडोबी आरजीबी हे एसआरजीबीपेक्षा मोठं माप, पण त्याचा नाद सोडा, अल्बम लॅब सहसा एसआरजीबी जेपेगच मागतात, त्या वाचलेल्या पैशात कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनवर लावून रंग मोजून बरोबर करायचं यंत्र, घ्या. चार फोटोग्राफर मित्रांनी मिळून एक घेतला तरी चालतो, महिन्यातून एकदा लावायचा असतो, आणि अर्गिलसीएमएससारखं सॉफ्टवेअर फुकट आहे.

२७ इंची फुल एचडी स्वस्तात मिळतोय. घेऊ?

नको. इंचाला ८२ पिक्सेल पडतात, अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतील. फुल एचडी २४ इंचापर्यंत ठीक, २७ घ्यायचा तर २५६० बाय १४४०, तिथे १०९ पडतात.

दादा, मी पुण्यात अॅनिमेशन शिकतोय, रात्री गेमिंग पण करतो. कर्व्ह, व्हीए पॅनल, १६५ हर्ट्झ, एचडीआर ४००, एवढं सगळं एकाच मॉनिटरमध्ये मिळतंय, घेऊन टाकू का?

अरे थांब जरा. तुझी अॅनिमेशन सेकंदाला २४ फ्रेमची, तिला १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलण्याचा, काय उपयोग? ते गेमसाठी, तेवढं मान्य. व्हीए हा स्क्रीनचा दुसरा प्रकार, त्याचा काळा रंग छान गडद असतो, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, साध्या आयपीएसचा १०००:१. पण व्हीएमध्ये थोडं बाजूने बघितलं की गडद शेड बदलतात, म्हणजे स्क्रीनच्या मधोमध रंगवलेलं कॅरेक्टर कोपऱ्यात सरकवलं की केसांची शेड वेगळी. एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवणं, पण एचडीआर ४०० च्या स्टिकरला भुलू नकोस, त्यासाठी लोकल डिमिंग (स्क्रीनचा हवा तेवढाच भाग मंद करणं) असायचीच सक्ती नाही, मग उजेड नि अंधार एकत्र वर जातात आणि एचडीआरची मजा येत नाही.

सपाट आयपीएस, १४४०, १४४ किंवा १६५ हर्ट्झ असा घे, असे आता बरेच मिळतात. मेनूत एसआरजीबी मोड आहे ना ते आधी बघ, कारण गेमिंगवाले रंग मुद्दाम भडक ठेवतात. काम करताना तो मोड चालू, गेमला बंद. काही मॉनिटरमध्ये त्या मोडमध्ये ब्राईटनेस लॉक होतो, रिव्ह्यूमध्ये तेवढं शोधून घे.

म्हापशाहून लिहितेय. मॅक मिनीवर टुरिझमचे व्हिडिओ एडिट करते. २७ इंचीत १४४० घेऊ की फोरके?

ताई, मॅक असेल तर फोरके (३८४० बाय २१६० पिक्सेल). २०१८ च्या मोहावीपासून अॅपलने अक्षरं गुळगुळीत करायची जुनी पद्धत बंद केली, त्यामुळे १४४० वर मजकूर जरा खरबरीत दिसतो. विंडोजवर मी १४४० च म्हणालो असतो. केबल मात्र बघून घ्या, जुनी एचडीएमआय लावली तर फोरके ३० हर्ट्झवरच अडकतं, माऊस ओढल्यासारखा चालतो आणि लोक मॉनिटर खराब म्हणून परत करायला निघतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला कंपन्यांमधून निघालेले जुने डेल अल्ट्राशार्प मॉनिटर मिळतात. घ्यावेत का?

घ्या, पण पेनड्राईव्हवर लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि मधला राखाडी असे पाच कोरे फोटो घेऊन जा आणि तिथेच फुल स्क्रीन करून बघा. डेड पिक्सेल पहिल्या चारांत सापडतो. राखाडीवर कोपरे पिवळट दिसले की दुकानदार कितीही स्वस्त करू दे, उठा तिथून, बॅकलाईट म्हातारी झालेली असते आणि कॅलिब्रेटरने ती तरुण होत नाही.