मीटर बाहेरच्या भिंतीला आहे, तिथून आतल्या डीबीपर्यंत (घरातल्या मेन स्विच-एमसीबींचा डबा) पाइप नेताना पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून काय करायचं?

मी कोल्हापुरातच वायरिंगची कामं घेतो, लायसन आहे, त्यामुळं जे रोज करतो तेच सांगतो. तुम्ही लिहिलंय की मीटर आता बाहेरच्या भिंतीला आलंय, डीबी आत हॉलमध्ये आहे, मधी नऊ इंची विटांची भिंत, आणि वायरमन म्हणतोय सरळ भोक पाडतो, पाइप घालतो, सिमेंट लावतो, झालं. तेवढ्यानं नाही होत राव, आपल्याकडं एकदा जून लागला की बाहेरची भिंत वाळायचं नाव घेत नाही.

पाइपाच्या कडेनं झिरपलेलं पाणी भिंतीवर ओल येऊन दिसतं तरी, पण पाइपाच्या आतून आलेलं दिसतच नाही, वायरीच्या अंगावरून सरकत सरकत थेट डीबीत उतरतं. एका घरी पावसाळ्यात आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडायचा, मालकांनी फ्रीजवर संशय घेतला, मग गिझरवर, मी डीबीचं झाकण काढलं तर वरून आलेल्या पाइपाच्या तोंडाखाली न्यूट्रल लिंकच्या (सगळ्या न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) स्क्रूंवर हिरवा थर चढलेला आणि वायरीला थेंब लटकलेला. भोक बाहेरून आत उतरतं पाडलं होतं, दुसरं काही नाही.

तर पहिली गोष्ट, भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला पाहिजे. नऊ इंची भिंतीला आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा अर्धा इंच वर असलं तरी पुरतं. भिंत नऊ इंची म्हणजे गिलाव्यासकट अकराच्या आसपास जाते, त्यामुळं ड्रिलचा साधा बिट पोचत नाही, सोळा इंची लागतो. आधी बारीक बिटानं आतून बाहेर तिरकं भोक आरपार काढा, म्हणजे बाहेर नेमकं कुठं निघतंय ते कळतं, आणि मगच मोठा बिट दोन्हीकडून अर्धा अर्धा मारा. एकाच बाजूनं रेटलं तर पलीकडचा गिलावा थाळीएवढा सुटतो. पेठेतलं जुनं दगडमातीचं घर असेल तर गोष्ट वेगळी, तिथं बिट दगडावरून घसरतो आणि आतली माती भोकात ढासळत राहते, अशा ठिकाणी मी आधी ४० एमएमचा जाड पाइपाचा तुकडा स्लीव्ह म्हणजे बाहेरचं कवच म्हणून बसवतो, भोवती मसाला दाबून भरतो आणि त्यातून २५ एमएमचा कंड्युट, म्हणजे वायरीचा पाइप, घालतो.

दुसरं, बाहेरच्या मीटरच्या बॉक्सला पाइप वरून जोडू देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. बॉक्सच्या बुडातून पाइप काढा, थोडा खाली आणा आणि बेंड घेऊन वर भिंतीतल्या भोकाकडं न्या. सगळ्यात खालच्या बेंडला वायर ओढायच्या आधीच तीन-चार एमएमचं भोक पाडून ठेवा, आत चुकून पाणी गेलं तर तिथनं निथळतं. बाहेर पाइप हेवी गेजचाच घ्या, आयएसआय मार्क बघून, आणि जोडांना सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावलं का ते स्वतः बघा, बरेच जण कपलर, म्हणजे दोन पाइप जोडायचा तुकडा, कोरडाच ठोकतात.

आत डीबीला पाइप जोडायचा ॲडाप्टर, तो आवळायचा चेकनट आणि कडेवर बसणारा गुळगुळीत बुश लावायचा. डीबीच्या पत्र्याची कड धारदार असते, बुश नसेल तर वायर ओढतानाच इन्सुलेशन सोलून निघतं आणि ते कुणाला कळतही नाही. सगळ्या वायरी ओढून झाल्या की पाइपाचं तोंड मऊ राहणाऱ्या सीलिंग पुट्टीनं बुजवा, यानं ओल थांबते आणि पाली, मुंग्या पण. एमसील लय जण भरतात पण ते दगडासारखं होतं, पुढं वायर बदलायची वेळ आली की पाइपच तोडावा लागतो. बाहेर पाइपाभोवती आधी मसाला, तो वाळल्यावर वरून सिलिकॉन. नुसत्या सिमेंटला पाइपाभोवती केसासारखी चीर पडतेच.

वायरीचं म्हणाल तर गिझर-एसी असलेल्या सिंगल फेज घराला मीटर ते डीबी मी १० स्क्वेअर एमएम कॉपर घालतो, फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची, २५ च्या पाइपात आरामात बसतात. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून न्यायची, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वापरणार असाल तर हे पाळायलाच लागतं, वेगवेगळ्या लोखंडी पाइपातून नेली तर पाइप गरम होतात. जीआयला अर्थिंगही द्यावं लागतं. आणि डीबीत अर्थिंग न मिळाल्यास कुणी न्यूट्रललाच जोडून मोकळा होत असेल तर त्याला तिथंच थांबवा. आत ३० एमएचा आरसीसीबी पाहिजेच.

भोक पाडणं, पाइप बसवणं हे तुम्ही समोर उभं राहून करून घेऊ शकता. मीटरच्या सीलला मात्र हात लावायचा नाही, ते महावितरणचं आहे, आणि मीटरमध्ये ढवळाढवळ केली तर वीज कायदा २००३ खाली गुन्हा होतो. घरातला मेन स्विच पाडला तरी खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर चालूच असते, हे पोरांना पण सांगून ठेवा. जोडणी लायसनवाल्याकडूनच करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा.

घर कुंभार गल्ली, सुतारवाडा असल्या पट्ट्यात असेल तर २०१९ आणि २०२१ चं पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि डीबी त्याच्या वर घ्या, मीटर वर घ्यायचं असेल तर महावितरणला अर्ज देऊन.

वायर ओढायच्या आधी बाहेरून भोकाच्या जागी बादलीभर पाणी हळूहळू ओतून बघा, आतल्या तोंडाशी बोट फिरवल्यावर ओल लागली तर सिलिकॉन काढून परत भरा, वायरमनला तोवर चहाला बसवा.