'गोदान'मधल्या होरीला त्याच्याच कर्माचं फळ मिळालं का?

प्रेमचंदांच्या 'गोदान' या हिंदी कादंबरीतला गरीब शेतकरी होरी आणि त्याची बायको धनिया यांच्याबद्दल एका वाचकाचा प्रश्न असा आहे: "'गोदान' वाचून सगळे होरीसाठी हळहळतात. पण धनिया सांगत होती ते त्यानं ऐकलं नाही, इज्जतीपायी कर्जावर कर्ज काढलं, शेवटी पोटची पोरगी पैसे घेऊन म्हाताऱ्याला दिली. मग त्याची जी गत झाली ती त्याच्याच करणीची नाही का? त्याच्याबद्दल वाईट का वाटावं?"

नाही, त्याच्या करणीची नाही. होरीवर माझा फार जीव आहे म्हणून असं म्हणत नाही. तो लबाडी करतो, वरच्यांपुढे वाकतो, आणि त्याची ती पोरगी, रूपा, तिच्या बाबतीत मी त्याची बाजू घेणार नाही. तरी नाही म्हणतो, कारण त्याचं खातं मी ओळीनं तपासलंय.

माझी उभी नोकरी विदर्भातल्या खेड्यांत गटसचिव म्हणून गेली. गटसचिव म्हणजे सेवा सहकारी सोसायटीचा कारकूनही तोच, वसुलीला जाणाराही तोच आणि लोकांच्या शिव्या खाणाराही तोच. पीककर्जाचे अर्ज भरा, सातबाऱ्यावर बोजा चढवायचे कागद तलाठ्याकडे पोचवा, मार्च आला की नवं-जुनं करून, म्हणजे जुनं कर्ज भरून घेऊन लगेच नवं देऊन, खाती थकीत होण्यापासून वाचवा. 'गोदान' मी हिंदीतच वाचली. आमच्याकडे हिंदी कोणाला वेगळी शिकवावी लागत नाही. १९३६ सालची कादंबरी, अवधातलं बेलारी गाव, पण वाचताना माझं बोट आकड्यांवरच थांबायचं. कोणाचे किती रुपये कोणाकडे गेले ते प्रेमचंदांनी इतकं चोख लिहून ठेवलंय, की होरीचा खातेउतारा काढता येतो.

आधी त्याची पापं घ्या. बांबू विकताना तो भावांना फसवायला बघतो. भाव ठरला शेकडा वीस रुपये, भावांना सांगायचे पंधरा, आणि पन्नास बांबूंमागे मधले अडीच रुपये स्वतःच्या खिशात. घेणारा चौधरी त्याच्याहून पोचलेला. तो भावादेखतच पंधराच्या भावानं पैसे मोजतो आणि होरीला तोंड उघडता येत नाही. झालं, या पापाची किंमत अडीच रुपये. दुसरं पाप भोला या गवळ्याच्या बाबतीतलं. ऐंशी रुपयांची गाय उधार मिळावी म्हणून विधुर भोलाला दुसरं लग्न जुळवून देतो अशी थाप मारतो. पण भोलाकडे भुसा नाही, म्हणून तो नडलाय, हे कळताच होरी गाय घ्यायची थांबवतो आणि वर पदरचा भुसा देतो. अडलेल्याची गाय घेणं त्याच्या मनाला पटत नाही. म्हणजे लबाडीसुद्धा त्याला धड जमत नाही.

आता पुण्याईची पानं उलटा. पुढे ती गाय उधारीवर होरीच्या घरी येतेच, आणि धाकटा भाऊ हिरा जळफळाटानं तिला विष घालतो. रात्री गोठ्यापाशी हिराला होरीनं पाहिलेलं असतं, पण चारचौघांत पोराच्या डोक्यावर हात ठेवून तो खोटी शपथ घेतो. दारोगा हिराच्या घराची झडती घ्यायला निघतो, तर घराण्याची अब्रू राहावी म्हणून होरी लाच द्यायला कर्ज काढायला तयार होतो. हिरा पळून जातो, तर त्याच्या बायकोची शेती कसता कसता होरीची स्वतःची मागे पडते. मग गोबर, त्याचा मुलगा, भोलाच्या विधवा मुलीला, झुनियाला, दिवस गेल्यावर बापाच्या दारात सोडून लखनौला पळतो. होरी आणि धनिया तिला घरात घेतात. पंचायत दंड ठोकते, शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य. रोकड भरायला ऐंशी रुपयांत घर झिंगुरीसिंह सावकाराकडे गहाण पडतं. खळ्यातलं धान्य होरी स्वतःच्या डोक्यावर वाहून पंचांच्या दारात टाकतो. पुढे भोला येतो आणि म्हणतो, एक तर झुनियाला हाकल, नाही तर गाईच्या पैशांत बैल सोडून नेतो. होरी तिला हाकलत नाही. बैल जातात. बैल गेले म्हणजे कास्तकाराचा मजूर झाला, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

ही बेरीज पाहून मी चकित झालो होतो. लबाडीपायी त्याचे अडीच रुपये गेले. घर, धान्य, बैल मात्र गेले ते माणुसकीपायी. करणीचं फळ म्हणायचं तर कोणत्या करणीचं, हे आधी तुम्हाला सांगावं लागेल.

आणि इतरांची खाती? गाईला विष घालणारा हिरा शेवटी जिवंत परत येतो. दातादीन पंडित सावकारी करतो, पंचायतीत धर्माच्या गोष्टी सांगतो, आणि होरी मरायला टेकतो तेव्हा गोदान घ्यायला तोच हजर असतो. धनियाकडे सुतळी विकून आलेले वीस आणे असतात, ते त्याच्याच हातात जातात. खुद्द रूपाचं पाहा. होरीच्या हातून घडलेलं सगळ्यात वाईट काम तेच, त्याच्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच लहान असलेल्या रामसेवकाकडून दोनशे रुपये घेऊन पोरगी दिली. कर्मफळाचा हिशोब चालत असता तर सगळ्यात मोठा फटका इथे बसायला हवा होता. प्रेमचंद काय करतात? रूपाला सासरी सुखात ठेवतात! वाचकाला हे टोचतं, मलाही टोचलं. पण लेखकानं ते मुद्दाम तसं ठेवलंय असं माझं मत आहे. पाप आणि शिक्षा यांची जोडी त्यानं कुठेच जुळू दिलेली नाही.

तुमच्या म्हणण्यात खरा दम आहे तो इज्जतीच्या मुद्द्यात. त्याचा सगळ्यात चांगला पुरावा तुम्ही दिलाच नाही, म्हणून मी देतो. थोरल्या सोनाच्या लग्नात वराकडचे स्वतःहून कळवतात की हुंडा नको. सुटले बिचारे असं वाटतं, तोच धनिया, तीच धनिया जी पंचांना तोंडावर बोलते, ती म्हणते की आम्ही देणारच, कुळाची रीत आहे. आणि पुन्हा दोनशेचं कर्ज. इथे कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो, कबूल. आमच्याकडे मी हेच पाहत आलो. विकलेल्या मालाचा चुकारा हातात पडायच्या आधीच लग्नाच्या पंगतीत गेलेला, आणि 'साध्या पद्धतीनं उरकू' म्हणणाऱ्या व्याह्याला मुलीचा बापच 'असं कसं, लोक काय म्हणतील' असं ऐकवणारा.

पण या इज्जतीला नुसता खुळेपणा म्हणून सोडून देऊ नका. होरीकडे पाच बिघे जमीन, तीही कुळ म्हणून कसायची. घर सोडलं तर गहाण टाकायला मालकीचं काय आहे? झिंगुरी, मंगरू, दुलारी, दातादीन हे गावचे सावकार त्याला पैसे देतात ते कशाच्या जोरावर? गावात त्याचं नाव आहे, बिरादरीत तो बसतो-उठतो, म्हणून. पंचायतीनं ज्याचं हुक्कापाणी तोडलं त्याला पेरणीच्या दिवसांत बी कोण देईल, सावडीला बैल कोण लावेल, पोरीला स्थळ कोण सांगून येईल? दंड भरला नसता तर तीस मण धान्य वाचलं असतं हे खरं. पुढचा हंगाम कसा काढला असता ते सांगा. होरीला हे शब्दांत मांडता येत नाही, तो आपला 'मरजाद', म्हणजे अब्रू, म्हणून मोकळा होतो. मी सोसायटीच्या टेबलामागे बसून उलट बाजूनं हेच बघितलं. कर्जाच्या मंजुरीला कागदावर हैसियत लागायची आणि कागदाबाहेर दोन माणसांची 'माणूस चांगला आहे' अशी साक्ष.

तरी एका जागी मी तुमच्याबरोबर आहे. रात्री डोक्यावर धान्य वाहताना धनिया अडवते, म्हणते पोरांच्या तोंडचं का नेतो? तेव्हा त्यानं थांबायला हवं होतं. निदान अर्धं ठेवायला हवं होतं. आमचे बेरकी कास्तकार असते तर तुरी आधीच भावाच्या घरी हलवल्या असत्या आणि पंचांना म्हणाले असते, यंदा पिकलंच नाही बाप्पा.

'शहाणपणानं वागला असता तर वाचला असता' असं ज्यांना वाटतं त्यांनी गोबरकडे पाहावं. बापाला मूर्ख ठरवून तो लखनौला जातो, फेरीचा धंदा टाकतो, चार पैसे जमतात तर स्वतःच व्याजानं द्यायला लागतो. पुढे पहिलं लेकरू जातं, साखरेच्या गिरणीतल्या संपात मार खातो, आणि शेवटी कोणाच्या तरी बागेत माळ्याचं काम. शहाणा होता, गाव सोडून गेला होता, कुणाच्या इज्जतीची पर्वा नव्हती. काय वेगळं झालं?

ऊस विकल्यावरचा प्रसंग माझ्या ओळखीचा म्हणून सांगतो. होरीला उसाचे एकशे वीस रुपये मिळतात. झिंगुरीसिंह गिरणीवरच दबा धरून बसलेला. व्याजासकट कापून घेऊन जेमतेम पंचवीस हातावर ठेवतो, आणि तेही वाटेतच जमीनदाराचा कारिंदा, म्हणजे वसुली करणारा कारभारी, नोखेराम घेतो. आमच्याकडे १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी केंद्रावरच घालावा लागायचा, तेव्हा सोसायटीचं कर्ज चुकाऱ्यातूनच वळतं व्हायचं. वसुलीला सोयीचं, मी नाकारत नाही. पण रिकामी बैलगाडी घेऊन परतणाऱ्या माणसाच्या हातात नुसती चिठ्ठी असायची, आणि घरी किराणा दुकानदार वाट पाहत असायचा. त्याला कोणी मूर्ख म्हणत नव्हतं, कारण सगळ्यांचंच तसं होतं. मूर्ख ठरवायची वेळ यायची तो गेल्यावर.

२००६ पासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना सरकार १ लाख रुपये देतं, ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. जिल्ह्याची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. नापिकी हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, फेडता आलं नाही आणि तगादा होता असं दिसायला हवं. अशा चौकशीत कर्जाचा दाखला द्यायला मला जावं लागायचं. एका घरी अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, खाटेखाली फवाऱ्याचा पंप तसाच. साहेबांनी विचारलं, दारू घ्यायचे का? बाई सरळ म्हणाली, "घेत होते ना साहेब. पोळ्याले." कागदावर व्यसनापुढे 'होय' लिहिलं गेलं. वावर सासऱ्याच्या नावावर, उधारी कृषी केंद्राची आणि तिच्याच बचत गटाची, आमच्या सोसायटीचं खातं बेबाक. माझा दाखला 'थकबाकी नाही' असा होता. खरा होता, म्हणून दिला. प्रकरण अपात्र ठरलं. बाहेर पिंपळाच्या पारावर बसलेले लोक म्हणत होते, "पोरीच्या लग्नात लय उधळलं ना त्यानं." म्हणणाऱ्यांपैकी प्रत्येकाचा सातबारा मला पाठ होता, आणि बोजा नसलेला त्यात एकही नव्हता. मेलेल्याचा काही तरी दोष सापडला की त्यांना त्या रात्री झोप येत असावी.

होरीचं प्रकरण त्या समितीपुढे गेलं असतं तर पहिल्याच पानावर निकाली निघालं असतं. त्यानं जीव दिलेला नाही. नातवाला दूध मिळावं, त्यासाठी एक गाय घ्यावी म्हणून तो ठेकेदाराकडे आठ आणे रोजानं कंकर खणायला जातो, रात्री बायकोबरोबर सुतळी वळतो, आणि लू लागून पडतो. कर्ज खासगी, जमीन दुसऱ्याची, मृत्यूचं कारण ऊन.

आमच्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर उद्धव शेळक्यांची 'धग' वाचा, १९६० सालची, संवाद अस्सल वऱ्हाडीत. तिथली कौतिक होरीसारखी भोळी नाही. कष्टाळू आहे, धीराची आहे, निकम्म्या नवऱ्याचा संसार एकटी ओढते. शेवट सांगत नाही. तुमचा 'करणीचं फळ' हा नियम तिला लावून बघा आणि कुठे बसतो ते मला कळवा.

वाईट का वाटावं असं विचारलंत. वाटलंच पाहिजे अशी सक्ती नाही. माझं विचाराल तर होरीपेक्षा धनियाचं जास्त लागतं. होरीला निदान देव, धर्म, बिरादरी यांच्यावर विश्वास ठेवून मरता आलं. धनियानं बहुतेक वेळी आधी ओळखलं होतं, दारोगापुढे लाचेचे पैसे हिसकून फेकले होते, पंचांना शाप दिले होते. तिच्या बाजूनं खरं असूनही खात्यात तेवढीच रक्कम वजा झाली जेवढी होरीच्या. पुन्हा वाचायला घेतली तर तिच्या बाजूनं वाचा, आणि हाताशी पेन्सिल ठेवा. आकडा आला की समासात टिपत चला.