क्लॅटच्या उताऱ्यांबद्दल थोडं

क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी उताऱ्यांवरचे १२० प्रश्न १२० मिनिटांत म्हटल्यावर तू वेगाच्या मागे लागलास, हे समजतं. पण गुण जास्त करून पर्याय निवडताना जातात. परिच्छेद संपला की क्षणभर थांब आणि मनात मराठीतच विचार: लेखक काय म्हणतोय, कशासाठी? 'बट', 'हाउएव्हर' दिसलं की सावध हो, त्याचं खरं मत बहुधा पुढेच असतं. बाहेरून माहीत असलेलं बाजूला ठेव. 'ऑल्वेज', 'ओन्ली'वाले पर्याय उताऱ्याशी ताडून बघ. चुकीला ०.२५ गुण कापतात. दोन पर्याय खात्रीने बाद झाले तर मात्र उत्तर देच. मॉकनंतर, म्हणजे सराव परीक्षेनंतर, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर उताऱ्यातली नेमकी ओळ लिही. कंटाळा येतो, पण यानेच सर्वांत जास्त फरक पडताना मी पाहिलाय.