आधी तुझं कच्चं दाखव

अरे,

तुझा मेल वाचला. एक मॅडम म्हणतात चॅटबॉट वापरलात तर शून्य, दुसरे सर म्हणतात वापरा पण कुठे वापरलात ते लिहून द्या, आणि रूममेट सगळं त्याच्याकडूनच लिहून घेऊन तुझ्यापेक्षा जास्त मार्क पाडतो, मग मीच येडा का, असं विचारलंयस. येडा नाहीस, पण भलत्याच गोष्टीत डोकं घालतोयस. वापरायचं का नाही हे त्या त्या विषयाचे सर ठरवतील, ते पाळ, विषय संपला. माझं एकच म्हणणं आहे, आधी स्वतःचं कच्चं लिही, मग चॅटबॉटला विचार.

कच्चं म्हणजे खाडाखोड, अर्धी वाक्यं, मार्जिनमध्ये 'इथे मला काय म्हणायचंय?' वगैरे. तुझा लिटरेचर रिव्ह्यू कसा गुळगुळीत होता, पण तिसऱ्या पॅरातला संदर्भ मी शोधला तर त्या जर्नलच्या त्या अंकात तसला पेपरच नाही! ते यंत्र पुढे कुठला शब्द शोभेल तेवढं बघतं, खरंखोटं त्याच्या गावीही नसतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दिले आणि 5,000 डॉलर दंड भरला, चांगले शिकलेसवरलेले होते.

डिटेक्टरला, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते ओळखणाऱ्या टूलला घाबरतोस ते मात्र समजू शकते. ओपनएआयने स्वतःचाच डिटेक्टर जुलै 2023 मध्ये बंद केला, नीट ओळखता येत नाही म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही ही टूल्स बऱ्याचदा एआयचे ठरवतात. म्हणजे आपलेच! उद्या आळ आला तर काय दाखवशील? कच्चं, व्हर्जन हिस्टरीसकट, म्हणजे फाइलमध्ये कधी काय बदललं त्या नोंदीसकट.

माझ्या गाईडनी माझं कच्चं कधी पाहिलंच नाही, 'फायनल घेऊन ये' एवढंच, त्यामुळे मी नेमकी कुठे अडकलेय हे मलाच फार उशिरा कळलं, ती चुटपुट अजून जात नाही. म्हणून मी पोरांकडून कच्चं मागते. डिपार्टमेंटमध्ये खडूस म्हणतात, म्हणू देत. मला एआयचं वावडं आहे असंही बोलतात, साफ खोटं, कोड अडला किंवा ॲबस्ट्रॅक्ट कापायचा असला की मीही वापरते. पण माझं लिहून झाल्यावर, कळलं?

रूममेटचं व्हायवात काय होतं ते त्याचं त्याला बघू दे.

शुक्रवारपर्यंत मेथडॉलॉजीचं कच्चं पाठव. दोन पानं पुरेत, अर्धं मराठीत असलं तरी चालेल. गुळगुळीत आलं तर न वाचता परत पाठवीन.