आवाज कुणाचा?

प्रश्न : अभिनेत्री ज्योतिका मुंबईची. मग तमिळ चित्रपटांत ती इतकं अस्खलित कशी बोलते? भाषा येत नसताना या नायिका कॅमेऱ्यासमोर निभावतात तरी कशा?

उत्तर : बऱ्याच चित्रपटांत तो आवाज तिचा नाहीच. सविता रेड्डी या डबिंग कलाकाराने ज्योतिकाला आवाज दिला आणि त्याच काळात सिमरनलाही. दोघी आघाडीच्या, दोघी मुंबईच्या आणि गळा एकच!

सेटवर नायिका संवाद देवनागरीत किंवा रोमनमध्ये उतरवून पाठ करते आणि कॅमेऱ्याशेजारून सहायक दिग्दर्शक ओळ प्रॉम्प्ट करतो. घोळ होतो तो इथेच. ओळ कानावर पडल्यावर बोलायचं, म्हणजे उत्तर क्षणभर उशिरा येतं. नजर हळूच प्रॉम्प्टरकडे सरकते. समोरचा काय म्हणतोय ते कळत नसलं, तर ऐकतानाचा चेहरा कोरा राहतो. आवाज नंतर बदलता येतो, डोळे नाही. म्हणून स्वतःच्याच नव्हे, समोरच्याच्याही ओळी अर्थासकट पाठ हव्यात.

पुढचं काम डबिंग थिएटरात. सेटवरचा कच्चा आवाज हेडफोनवर ऐकत, दृश्य लहान तुकड्यांत पुन्हा पुन्हा चालवून ओळ भरली जाते. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. तिथे अक्षर चुकलं की प्रेक्षकाला लगेच खटकतं. सेटवर शब्द गाळला गेला असेल, तर त्याच मापाचा दुसरा शोधत बसावं लागतं.

प्रश्न : मराठी मुलीला तमिळ उच्चार जमतील?

उत्तर : हिंदी भाषकापेक्षा लवकर, कारण आपल्याकडे ळ आहे. 'पल्लि' म्हणजे पाल, 'पळ्ळि' म्हणजे शाळा. हा फरक आपल्या जिभेला नवा नाही. अडतं ते तमिळच्या खास 'ऴ'पाशी. जीभ मागे वळवायची, पण टाळूला टेकवायची नाही. 'मऴै' म्हणजे पाऊस. जीभ घसरली की होतो 'मलै', म्हणजे डोंगर. शिवाय तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे, त्यामुळे सुरुवातीला संवाद देवनागरीत लिहिलेले बरे.

प्रश्न : स्वतःच्या आवाजाने कारकिर्दीत फरक पडतो का?

उत्तर : पडतो. बंगळुरूच्या अभिनेत्री प्रियामणीने 'परुत्तिवीरन' या तमिळ चित्रपटात मदुराईकडची गावरान बोली स्वतःच्या आवाजात बोलली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ज्योतिकाचं उदाहरण उलटं आणि आमच्या मते अधिक मजेशीर आहे. २००७ च्या 'मोऴि'मध्ये ती मूकबधिर मुलगी आहे, सगळं बोलणं खुणांनी. 'मोऴि'चा अर्थ भाषा! तिथे उसना गळा नाही. तिचा अभिनय जोखायचा असेल, तर हाच चित्रपट आधी पाहा.