डोंबिवलीत घरगुती दिवाळी फराळ विकतो. 10,000 रुपयांत ऑनलाइन जाहिरात कशी करावी?

दहा हजार पुरतील, फक्त ते अख्ख्या महाराष्ट्रावर उधळू नका. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्टखालचं ‘बूस्ट’ दाबण्याऐवजी, त्यांची मालक कंपनी मेटा हिच्या अ‍ॅड्स मॅनेजर या जाहिरातींच्या साधनात जा आणि जिथे फराळ पोचवू शकता तेवढाच परिसर निवडा: डोंबिवली, कल्याण, फार तर ठाणे. जाहिरातीवर दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल, हा पर्याय घ्या. भाव विचारल्याशिवाय आपल्याकडे कोण ऑर्डर देतं?

खरी मेहनत व्हिडिओवर घ्या. सोऱ्यातून पडणारी चकली, मग ती मोडतानाचा कुरकुरीत आवाज. पंधरा-वीस सेकंद बास. किलोचा भाव आणि ऑर्डरची शेवटची तारीख व्हिडिओवरच लिहा. भाव लपवला की नुसत्या चौकशा वाढतात, आणि ऐन गडबडीत त्यांना उत्तरं देताना जीव जातो.

दिवाळीच्या महिनाभर आधी सुरू करा. दोन वेगळे व्हिडिओ रोज दीडशे-दीडशेवर आठवडाभर चालवा, मग ज्यातून ऑर्डर येतात त्यावर उरलेले पैसे लावा. मधेच सारखे बदल करू नका, जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटाची यंत्रणा प्रत्येक मोठ्या बदलानंतर पुन्हा शिकायला बसते. लाइक मोजू नका. किती जणांनी विचारलं आणि किती जणांनी पैसे भरले, एवढंच वहीत लिहा.

जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी घरगुती व्यवसायालाही लागते. नसेल तर आधी ती करा. गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, तेही आजच उघडा.