चौदावा दिवस उलटला, म्हणून निर्धास्त?

कंडोमशिवाय शरीरसंबंध आल्यावर दोन-तीन दिवसांत समुपदेशनाला येणाऱ्या मुलींना बहुधा एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: "मला दिवस राहिलेत का?" या प्रश्नाला त्या दिवशी हो किंवा नाही असे उत्तर देणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नसते. त्या टप्प्यावर विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच असतो, तो म्हणजे संबंध पाळीच्या चक्रातील कोणत्या दिवशी आले, आणि अजून काही करण्याइतका वेळ हातात आहे का.

जूनमध्ये आलेल्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या तरुणीचे उदाहरण यासाठी सांगण्यासारखे आहे (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). तिची पाळी 4 जूनला आली होती, संबंध 19 च्या रात्री आले आणि 21 च्या सकाळी ती माझ्यासमोर बसली होती. तिने आदल्या दिवशी किट आणून चाचणी केली होती, त्यावर एकच रेघ आली होती. शिवाय "चौदावा दिवस कधीच उलटून गेला, आता धोका नाही," असे मित्राने सांगितले होते. तिला माझ्याकडून फक्त या दोन्हींवर शिक्कामोर्तब हवे होते.

किटबद्दलचे उत्तर सोपे होते. गर्भ गर्भाशयात रुजल्यानंतरच ती पट्टी ओळखते ते संप्रेरक शरीरात तयार होऊ लागते, आणि रुजण्यासाठी बीज फळल्यापासून साधारण आठवडाभर तरी जावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या एका रेघेवरून 19 तारखेबद्दल काहीच कळत नाही.

चौदाव्या दिवसाच्या हिशेबाला मात्र वेळ द्यावा लागला. तिने मोबाइलमध्ये घरच्या कालनिर्णयाचा फोटो दाखवला. मागील महिन्यांच्या तारखांभोवती लाल पेनाने गोल केलेले होते. ते मोजल्यावर दिसले की तिची पाळी अठ्ठावीस दिवसांनी नव्हे, तर तेहेतीस ते छत्तीस दिवसांनी येते. स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे चौदा दिवस मोजून मिळत नाही. तो येणाऱ्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी असतो. तिची पुढची पाळी 7 ते 10 जुलैच्या दरम्यान अपेक्षित होती, म्हणजे बीज 23 ते 26 जूनच्या आसपास बाहेर पडणार होते. बीज जेमतेम एक दिवस टिकते, पण शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. थोडक्यात, मित्राने जो दिवस उलटून गेला म्हणून सांगितले होते, तो अजून यायचाच होता.

हे ऐकून तिचा चेहरा उतरला, म्हणून आकडेही सांगितले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये मूल हवे असलेल्या स्त्रियांवर झालेल्या आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बीज बाहेर पडण्याच्या पाच दिवस आधी संबंध आल्यास दिवस राहण्याची शक्यता सुमारे 10 टक्के, तर नेमक्या त्या दिवशी सुमारे 33 टक्के आढळली होती. म्हणजे सगळे दिवस जुळले तरी तिघींपैकी दोघींना त्या वेळी दिवस राहत नाहीत. पण दहातली एक शक्यता शून्य नव्हे, हेही तितकेच खरे.

"मग आता काय करू, मॅडम? मैत्रीण कच्ची पपई खा म्हणते."

पपई, काढे, उड्या मारणे किंवा आतून धुणे यांनी गर्भधारणा टळत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. लेव्होनॉरजेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची तातडीची गोळी 72 तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर घ्यावी तितकी ती उपयोगी पडते. मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळते. ती गोळी गर्भपात करत नाही, बीज बाहेर पडणे लांबवते, म्हणूनच बीज बाहेर पडून गेल्यावर तिचा उपयोग होत नाही. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) या गोळीपेक्षाही खात्रीची असते, परंतु तिला ती नको होती. क्षयाची किंवा फिट्सची औषधे चालू आहेत का, हेही विचारले, कारण त्यांतील काही औषधांमुळे गोळीचा परिणाम कमी होतो. तिने दुपारीच गोळी घेतली. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची, हे तिला लिहून दिले होते.

गोळीनंतर पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते आणि लांबलेले बीज त्याच महिन्यात नंतरही बाहेर पडू शकते, त्यामुळे पाळी येईपर्यंत कंडोम आवश्यकच होता. चाचणी संबंधानंतर तीन आठवड्यांनी, म्हणजे 10 जुलैला, सकाळच्या पहिल्या लघवीवर करायची असे ठरले.

तिच्या मनातील खरी भीती यानंतर बाहेर आली: दिवस राहिलेच, तर गर्भपातासाठी दवाखान्यात आईवडिलांची सही मागतील का? अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते, तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक असते, आणि गर्भपाताच्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण अविवाहित स्त्रीलाही वीस आठवड्यांपर्यंत लागू होते. हे कळल्यावरच ती खुर्चीत जरा सैलावून बसली.

10 जुलैची चाचणी निगेटिव्ह आली आणि पाळी 13 तारखेला आली. तातडीची गोळी दर महिन्याला घेण्यासाठी नसते, त्यामुळे नियमित साधन निवडण्यासाठी आणि पाळी इतकी लांबते ते दाखवण्यासाठी मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. या वेळी मित्रही सोबत गेला.